एका कडुनिंबावरच्या दोन ढोल्या

पलूस तालुक्यात, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात, कृष्णेच्या मळीला लागून एक मळा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. घरट्याचा पत्ता फुटला की काय होतं, ते पुढे येईलच. मळ्याच्या बांधावर जुना कडुनिंब आहे आणि त्याच्या बुडाशीच म्हशींचा गोठा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय ते समजावं. त्या पाण्यात हा निंब कित्येक दिवस उभा होता. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. कडुनिंब दुष्काळ काढतो, पण मुळाशी तुंबलेलं पाणी त्याला सोसत नाही. झाड हळूहळू अर्धं वठलं. एक जाड फांदी सरळ उभी वाळली आणि दुसरी वाळली ती गोठ्याकडे कललेली. उरलेलं अर्धं झाड आजही हिरवं आहे आणि चैत्रात फुलतं.

माघात या झाडावर सोनपाठी सुतार पक्ष्याची जोडी आली, तेव्हा मळ्यातल्या मंडळींनी मला साधा प्रश्न विचारला: दोनपैकी एक वाळकी फांदी काढली तर चालेल ना? घरटं तर एकाच फांदीत होणार. प्रश्न रास्त होता आणि वरवर पाहता उत्तरही सोपं होतं. त्या हंगामात पक्ष्यांनी जे केलं, त्यातून वेगळंच उत्तर मिळालं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

पक्षी आणि पाहण्याची रीत

सोनपाठी सुतार आपल्याकडचा नेहमीचा पक्षी आहे. साळुंकीहून मोठा, पाठ झळझळीत सोनेरी, गळा काळा आणि शेपटीच्या वरचा भागही काळा. कोरडवाहू भागातल्या बाभळींवर दिसणारा मराठा सुतार याच्यापेक्षा बराच लहान आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा असतो, त्यामुळे दोघांत घोळ होत नाही. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर उभं राहिलेलं सागरेश्वरचं अभयारण्य इथून फार लांब नाही. तरीही ही जोडी ऊसपट्ट्यातल्या एकट्या झाडावर आली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सुताराला राखीव जंगलच लागतं असं नाही. त्याला पोखरता येईल असं लाकूड आणि चरायला मुंग्या-अळ्या लागतात.

नर-मादी ओळखायला सोपे. नराचा माथा कपाळापासून तुऱ्यापर्यंत लाल असतो. मादीचा तुरा मागच्या बाजूने लाल, पण पुढचा भाग काळा आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. एवढ्या एका खुणेवर, ढोलीत न डोकावता, आत कोण आणि बाहेर कोण हे सांगता येतं. या अभ्यासाचा सगळा डोलारा त्या खुणेवर उभा आहे.

बसायची जागा होती कडब्याच्या गंजीचा आडोसा, झाडापासून पक्षी दखल घेणार नाही इतकी लांब. नियम कडक होते. शिडी लावायची नाही. ढोलीत काठी, बॅटरी, मोबाइल काही घालायचं नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांची अंडी फोडणंच नव्हे, तर अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी डोकावून फार काही हाती लागत नाही. बाहेर बसून नीट पाहिलं तर आतलं बहुतेक कळतं.

सुताराच्या टकटकीत दोन प्रकार आहेत. विणीच्या दिवसांत तो वाळक्या लाकडावर भराभर चोच आपटून एक लांब ठेका धरतो. ती हद्दीची आणि जोडीदाराची भाषा असते. खोदकामाची टकटक निराळी: चार-पाच घाव, थांबणं, पुन्हा दोन घाव. माघाच्या अखेरीस मळ्यात पहिली ऐकू येत होती. महाशिवरात्रीच्या सुमारास दुसरी सुरू झाली.

उभ्या फांदीतली ढोली

पहिली ढोली उभ्या फांदीत, दोन पुरुष उंचीवर. त्या जागेच्या जरा खाली सालीतून भाकरीच्या तुकड्यासारखी कडक अळंबी बाहेर आलेली होती. म्हणजे आतलं लाकूड बुरशीने भुसभुशीत केलेलं होतं. कडुनिंबाचं लाकूड मुळात चिवट असतं. सुताराची चोच कितीही मजबूत असली, तरी घर करताना तो असं आतून सैल झालेलं लाकूड शोधतो. बाहेरचा थर टणक आणि गाभा मऊ, ही त्याची आवडती जागा.

खोदकाम किती पुढे गेलं, ते पक्ष्याचं किती अंग बाहेर दिसतं यावरून कळत होतं. सुरुवातीला फक्त डोकं आत जायचं. मग खांद्यापर्यंत. मग बाहेर नुसती शेपटी, खोडाला टेकवलेली. सुताराच्या शेपटीची पिसं ताठ असतात, त्यांचा टेका घेऊनच तो सारे घाव घालतो. शेवटी अख्खा पक्षी आत दिसेनासा झाला. थोड्या थोड्या वेळाने लाल डोकं भोकाशी यायचं, चोचीतला भुसा मान झटकून बाहेर फेकायचं आणि परत आत. भोक आडवं आत जातं आणि मग ढोली खाली उतरते, म्हणून पक्षी आत वळू लागला की समजावं, खोली होत आली. खाली म्हशींच्या दावणीपाशी पिवळसर ढलप्यांचा थर साचला होता. नर आणि मादी दोघंही खोदत होती. मी पाहिलं त्या वेळांत नराची पाळी जास्त लांब असायची.

साळुंक्या सुरुवातीपासून त्याच फांदीवर येऊन बसत होत्या. खोदकाम चालू असताना त्यांनी काही केलं नाही. ढोली पुरी झाली आणि मग त्या आत शिरू लागल्या. सुताराची जोडी चरायला गेली की एक साळुंकी आत आणि दुसरी वर पहाऱ्याला. होळीच्या आधी एका सकाळी नर परतला, तेव्हा आतल्या साळुंकीने त्याच्या तोंडावरच झडप घातली. दोघं एकमेकांना पायांनी धरून गरगरत खाली शेणाच्या उकिरड्याजवळ पडले. नर सुटला, झाडावर गेला आणि तुरा उभारून बराच वेळ ओरडत राहिला. आत मात्र गेला नाही. दोन-तीन दिवसांनी भोकातून पाचटाचे तुकडे आणि प्लॅस्टिकची पट्टी लोंबताना दिसली. ही खूण पक्की समजावी. सुतार ढोलीत काही अंथरत नाही, त्याची अंडी नुसत्या भुशावर असतात. भोकातून गवत-चिंध्या दिसल्या की घराचा मालक बदलला.

पहिली ढोली जोडीने का सोडली, याची दुसरी कारणंही तपासून पाहिली. लाकूड आत टणक लागलं म्हणावं, तर ढोली पूर्ण झालेली होती. माणसांच्या वर्दळीने बुजली म्हणावं, तर तोवर घरची माणसं सोडून तिकडे कोणी फिरकत नव्हतं आणि त्या माणसांची पक्ष्यांना सवय झालेली होती. अंडी गेली म्हणावं, तर अंडी घातल्याची एकही खूण नव्हती. जोडीपैकी कोणीही दिवसा आत लांबलचक बसत नव्हतं. उरतं ते साळुंक्यांचं अतिक्रमण, आणि ते डोळ्यांसमोर घडलं होतं. यात साळुंक्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही ढोलीच लागते आणि स्वतः खोदण्याजोगी चोच त्यांच्याकडे नाही.

कललेली फांदी

आता त्या प्रश्नाकडे येतो. ढोली उभ्या फांदीत होते आहे म्हटल्यावर आबांनी, म्हणजे मळ्याच्या मालकांनी, कललेली फांदी उतरवायची ठरवली होती. त्यांचं म्हणणं असं:

"सर, तुमचं पाखरू ऱ्हाऊ दे की, कोण न्हाई म्हणतंय? पर ही आडवी फांदी वाऱ्यात आली तर खाली माझ्या दोन म्हशी हायत."

यात चूक काहीच नव्हती. वळवाच्या वाऱ्याने वाळकी फांदी कोसळून जनावर मेल्याच्या गोष्टी या भागात प्रत्येकाला ठाऊक आहेत. पक्षी वाचवायचे म्हणून शेतकऱ्याने गोठा धोक्यात घालावा, असं सांगण्याचा अधिकार मला नाही. ऊसपट्ट्यात बांधावर झाड ठेवणं मुळातच परवडत नाही. सावलीत ऊस खुरटतो आणि वाळकं लाकूड तर सरळ जळणाला जातं. आबांनी हिरवं अर्धं झाड राखलं होतं, तेच मोठं होतं.

फांदी वाचली ती कामाच्या गर्दीमुळे. गळीत हंगाम अखेरीला आला होता, तोडीची घाई चालली होती आणि झाडावर चढून दोर लावून फांदी उतरवणारा माणूस मिळाला नाही. काम पुढे ढकललं गेलं. होळीनंतर सुताराच्या जोडीने दुसरी ढोली खोदायला घेतली ती नेमकी त्या कललेल्या फांदीत, आणि तीही खालच्या बाजूने.

या जागेचा फायदा पुढे दिसत गेला. भोक खाली तोंड करून असल्याने पावसाचं पाणी आत जाणार नव्हतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साळुंकीला तिथे शिरणं जड जात होतं. सुताराची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात आणि शेपटीचा टेकू असतो, त्यामुळे तो फांदीच्या पोटाशी उलटा चिकटून आत जातो. साळुंकीला आधी टेकायला जागा हवी. एक-दोनदा साळुंक्या तिकडे फडफडल्या आणि परत गेल्या. त्यांचं स्वतःचं घर भरलेलं होतं, हेही एक कारण असणार. पहिली ढोली त्यांना मिळाली म्हणून दुसरी सुताराला मिळाली, असं माझं स्पष्ट मत आहे. झाडावर एकच वाळकी फांदी असती तर त्या वर्षी या जोडीची वीण त्या झाडावर झालीच नसती.

गोठ्याच्या भिंतीवरच्या रेघा

पाडव्याच्या आसपास कडुनिंबाचं हिरवं अंग मोहरलं आणि दुसऱ्या ढोलीतली टकटक थांबली. टकटक थांबणं म्हणजे काम सोडणं असंच लोक धरतात. इथे उलट होतं. आता पक्षी आत गेला की लवकर बाहेर येत नव्हता, दुसरा आला की पहिला निघत होता आणि चोचीत कोणाच्याच काही दिसत नव्हतं. अंडी उबवण्याची हीच लक्षणं.

सकाळी-संध्याकाळी मी असायचो, पण दुपार मोकळी राहत होती. ती भरून काढली आबांच्या सूनबाईंनी. वहिनींचं दिवसभराचं काम गोठ्याच्या आसपासच असायचं. त्यांना नर-मादीची खूण दाखवली आणि त्यांनी स्वतःच नोंदीची पद्धत काढली. गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने रेघ: नर आत गेला तर उभी, मादी गेली तर आडवी. घड्याळाऐवजी त्यांच्याकडे कामं होती. भाकऱ्या झाल्या, धार काढली, वैरण टाकली, मोटार सुरू झाली. प्रत्येक कामाची जागा भिंतीवर ठरलेली आणि तिच्याखाली त्या वेळच्या रेघा. माझ्या वहीपेक्षा ती भिंत जास्त वाचण्याजोगी होती.

भिंतीवरून दोन गोष्टी निघाल्या. दिवसा दोघंही पाळीपाळीने बसत, मात्र मधल्या उन्हाच्या वेळी मादीच्या रेघा जास्त होत्या. दिवेलागणीला आत जाणारा मात्र नेहमी नर असायचा आणि पहाटे बाहेर पडणाराही तोच. सुतार कुळातल्या बहुतेक जातींत रात्रीची उब नरच देतो, त्याच्याशी हे जुळतं.

सोनपाठी सुताराची अंडी साधारण अकरा दिवसांत फुटतात आणि पिल्लं वीसेक दिवसांनी ढोली सोडतात. हनुमान जयंतीच्या सुमारास भिंतीवरच्या रेघा एकदम दाट झाल्या. वहिनी म्हणाल्या, "आता दम न्हाई बघा त्यांना, सारखी ये-जा." पक्षी आत जाऊन लगेच बाहेर येत होते. तरी चोच रिकामी दिसत होती. इथे पुष्कळ जण फसतात. मुंग्यांवर जगणारे सुतार त्या चोचीत धरून आणत नाहीत, गिळून आणतात आणि पिल्लांच्या तोंडात ओकून भरवतात. ही जोडी बांधावरच्या बाभळीवर मुंगळ्यांच्या रांगेशी बराच वेळ घालवून थेट ढोलीकडे येत होती. पुढे ढोलीतून बाहेर पडताना पक्ष्याच्या चोचीत पांढुरकी गोळी दिसू लागली, पिल्लाची विष्ठा. तेव्हा शंका उरली नाही. आठवड्याने आतून एक सलग किरकिर ऐकू येऊ लागली. आई-बापांपैकी कोणी खोडावर टेकलं की ती वाढायची.

एक रविवार

अंडी उबवण्याच्या दिवसांतच एक प्रसंग झाला. कोणीतरी ढोलीचा फोटो ठिकाणासकट मोबाइलवर पुढे पाठवला होता. रविवारी सकाळी मोठ्या लेन्स घेतलेली काही मंडळी मळ्यात आली, झाडाखाली तिवया लावल्या आणि नर बाहेर यावा म्हणून सुताराच्या हाकेचं रेकॉर्डिंग वाजवलं. नर बाहेर आला. आपल्या हद्दीत परका नर शिरला, असंच त्याला वाटणार. तो तुरा उभारून या झाडावरून त्या झाडावर ओरडत फिरला. मादी लांब नारळावर बसून राहिली. त्या दिवशी भिंतीवर भाकऱ्यांपासून वैरणीपर्यंतची जागा कोरी आहे. एवढा वेळ अंड्यांवर कोणी नव्हतं.

वरचेवर असं झालं असतं तर अंडी वाया गेली असती. चैत्रातली उष्ण हवा म्हणून निभावलं, असं मला वाटतं. मला त्या दिवशीचा राग अजून आहे. चांगला फोटो काढणं वाईट नाही, पण अंड्यांवरून पक्षी उठवून काढलेल्या फोटोला मी निसर्गप्रेम म्हणणार नाही. संध्याकाळी आबांनी बाभळीच्या काटेरी फांद्या आणून झाडाच्या तिन्ही बाजूंना टाकल्या आणि चौथ्या बाजूला कुत्रा बांधला. पुन्हा कोणी आलं नाही.

वळीव

आता पिल्लं होती धोक्याच्या फांदीत आणि वळवाचे दिवस तोंडावर आलेले. आबांनी दोन गोष्टी केल्या. म्हशींची दावण गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला हलवली. मग कललेल्या फांदीला जिथे ती सर्वांत जड होती, तिथे खालून बेळक्याची मेढ दिली आणि जाड दोराने ती हिरव्या खोडाशी आवळली. दोर ढोलीच्या बराच खाली, मेढ त्याच्याही खाली. काम दुपारी केलं, भराभर केलं आणि पक्षी परत आत जाईपर्यंत सगळे बाजूला थांबले.

अक्षय तृतीयेच्या आधी एका संध्याकाळी वादळ आलं. कललेल्या फांदीचा शेंडा, ढोलीच्या वरचा भाग, मोडून गोठ्यावर पडला. एक पत्रा चेपला. खाली म्हशी असत्या तर एखादी दगावली असती, म्हणजे आबांची भीती अक्षरशः खरी होती. ढोलीचा भाग मात्र मेढीवर राहिला. दुसऱ्या सकाळी नर नेहमीच्या वेळी बाहेर पडला.

अक्षय तृतीयेनंतर दोन-तीन दिवसांत पिल्लं उडाली. त्याआधी भोकाशी दोन डोकी दिसत होती, रंग फिकट, तुरे बुटके. शेवटच्या दिवशी आई-बाप खाणं घेऊन आत जाईनात. शेजारच्या फांदीवर बसून हाका मारत राहिले. आधी एक पिल्लू निघालं आणि धडपडत नारळाच्या बुंध्याला चिकटलं. दुसरं दुपारनंतर.

पुढचं काम

पिल्लं गेल्यावर फांदी उतरवली, पण पूर्ण नाही. ढोलीच्या वर हातभर अंतर ठेवून कापली. गोठ्यावर येणारं वजन गेलं आणि ढोलीचं खुंट राहिलं. ज्येष्ठात त्या रिकाम्या ढोलीत दयाळाची जोडी काड्या-मुळ्या नेऊ लागली. उभ्या फांदीत साळुंक्यांनीही आपली पिल्लं वाढवली होती. एका सुताराच्या जोडीने खोदलेल्या दोन ढोल्यांनी एका वर्षात तीन घरांची सोय केली. स्वतः न खोदता ढोलीत घर करणाऱ्या पक्ष्यांची यादी आपल्या भागात लांब आहे: पोपट, पिंगळा, नीलपंख, दयाळ, साळुंकी. सुताराला लाकूड नाही मिळालं तर यांच्याही विणीच्या जागा कमी होतात.

सुतार बहुधा दरवर्षी नवी ढोली खोदतो. त्यामुळे पुढच्या माघात तीच जोडी आली तर तिला उभ्या फांदीचा वरचा भाग आहे आणि खुंटाची दुसरी बाजू आहे. तेवढं पुरेल की नाही ते तेव्हा दिसेल. दोन बांध पलीकडे शेंडा गेलेला एक नारळ आहे. त्याच्या मालकांनी तो जळणाला काढायचं थांबवलं आहे, कारण त्याच्याखाली गोठाही नाही आणि रस्ताही नाही. कडुनिंबाच्या बुडाशी पाणी साचू नये म्हणून आबांनी मातीचा उतार करून घेतला आहे. उभी फांदी मुळापासून हलते का, हे दर पावसाळ्यानंतर दोर लावून पाहायचं ठरलं आहे. हलली, तर ती दिवाळीनंतर आणि माघाच्या आत तोडायची. त्या काळात सुताराची वीण नसते.